कर्णिकांची उजळलेली भिंत

वेसाव्याची जया चार बंगल्याच्या सागरदीप सोसायटीत बावीस वर्षं मासळी घेऊन येत होती. डोक्यावर पाटी, हातात बर्फाचा थर्मोकोलचा खोका आणि दर मजल्यावर एक हाक. लिफ्ट तिच्यासाठी नाही असा बोर्ड कुणी लावला नव्हता, पण काही गोष्टी बोर्ड न लावताही कळतात. जिना चढत चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत पाटी निम्मी हलकी व्हायची, आणि तिथं कर्णिकांकडे पाणी प्यायल्याशिवाय ती उतरायची नाही.

या वर्षी मात्र जिन्याला नवा रंग लागला आणि रंगाबरोबर लोकांच्या नाकांनाही धार आली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांनी लेखी तक्रार केली, की मासळीवाली दारात बसून खवले काढते, पाणी सांडतं आणि दिवसभर वास जात नाही. तक्रार काही खोटी नव्हती. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर कर्णिक, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, नियमाला देव मानणारे. पण बुधवारी पानात मासा नसला तर त्यांचा चेहरा पडायचा, म्हणून त्यांनी कमिटीत मधला मार्ग काढला. जयानं वर यावं, दारात वजन करून मासळी द्यावी. कापणं, साफ करणं काय ते खाली मागच्या नळावर. "जयाची जबाबदारी माझी," असं ते कमिटीपुढं म्हणाले होते, आणि ते त्यांनी जयालाही दोनदा ऐकवलं होतं. नियम मोडला तर मासळी गेटच्या आत येणार नाही, हेही त्याच दमात.

जयाला त्याचा अर्थ पुरता ठाऊक होता. वरची गिऱ्हाइकं म्हणजे दोन्ही विंगमधली तीसएक घरं, बहुतेक साठीच्या पुढची. दारात मासळी आली तर घेतील, गेटवर या म्हटलं तर मोबाईलवरून मागवतील. बाजारात बसायचं तर तिथल्या जागा सासूकडून सुनेकडं जातात. बाहेरच्या बाईला उभं राहायला कोपरा मिळत नाही. म्हणून महिनाभर ती अगदी डोळ्यांत तेल घालून नियम पाळत होती. कोयती पाटीतून बाहेर निघायची ती नळापाशीच.

नियम मोडला तो कर्णिकांच्या बायकोच्या, पद्मजाबाईंच्या हौसेपायी. कार्तिकातला बुधवार होता. कर्णिकसाहेब सोसायटीच्या कागदांसाठी सकाळीच वांद्र्याला सरकारी कचेरीत गेले होते. संध्याकाळी मुलगी स्वरदा लेकीला घेऊन जेवायला येणार होती आणि तिला भरलेली माकुलं, हॉटेलात स्क्विड म्हणतात ती, हवी होती. जयाच्या पाटीत त्या दिवशी माकुलं होतीही सुरेख, हातभर नाही पण वीतभर नक्की, नितळ, जांभळट ठिपक्यांची. पद्मजाबाईंनी डझनभर घेतली आणि म्हणाल्या, आत ये, इथंच साफ करून दे.

जया नाही म्हणाली. खाली चल, दहा मिनिटांत करून देते, म्हणाली. पद्मजाबाईंचं म्हणणं, खाली नळावर तिसऱ्या मजल्यावरची बाई उभी असते, पाच-पाच मिनिटांनी नाकाला पदर लावते, तिच्यासमोर नको. साहेब एकच्या आत येत नाहीत. कोण बघतंय? जया पुन्हा नाही म्हणाली. तेव्हा पद्मजाबाई पिशवी घेऊन सरळ आत गेल्या. मीच करते, मोबाईलवर बघितलंय, अगदी सोपं असतं, असं बोलत त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.

आता जयाला कुणी दहा शिव्या दिल्या असत्या तरी ती दारात उभी राहिली असती. पण डोळ्यांदेखत चांगल्या मासळीची वाट लागताना बघणं तिच्यानं होत नसे, तो तिचा कमकुवतपणा. भरायची माकुलं म्हणजे नळी अख्खी राहिली पाहिजे. डोकं हळूच, फिरवत, आतड्यासकट ओढायचं, आणि त्याला चिकटलेली शाईची पिशवी धक्का न लावता सुटी करायची. पद्मजाबाईंनी ते खेचलं जसं पोर दुसऱ्याच्या हातातलं खेळणं खेचतं. जया चपला काढून टेबलापर्यंत पोचली तोवर पिशवी फुटली होती.

माकुलाची शाई ज्यानं कधी पाहिली नसेल त्याला वाटेल, दोन थेंब उडाले असतील. दोन थेंब नव्हते. टेबलामागच्या भिंतीवर ताटाएवढा काळा डाग, त्यातून पाच-सहा ओघळ खाली निघालेले, आणि शिंतोडे फ्रिजच्या बाजूपर्यंत. भिंत पांढरी. तीन वर्षांपूर्वी लावलेला, धुता येतो असं दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलेला रंग. डागाच्या बरोबर मधे नातीनं मेणाच्या खडूनं काढलेला एक निळा मासा होता. तो आता काळ्या पाण्यात गेला.

पद्मजाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी हाताला लागलं ते फडकं घेतलं आणि खसाखसा पुसायला लागल्या. ताटाची परात झाली.

"पुसू नको, पद्माबाय," जया म्हणाली. "टीप."

पण त्या तोवर गॅसकडे धावल्या होत्या. गरम पाण्यानं सगळं निघतं, असा त्यांच्या माहेरचा सिद्धांत होता. जयानं त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. रक्त म्हण, माशाची चिकटी म्हण, शाई म्हण, गरम पाणी लागलं की ती शिजते आणि जागेवर बसते, मग देव आला तरी निघत नाही. जयाच्या घरात हे लहान पोरीला आधी शिकवतात, मग बाराखडी. तिनं फ्रिजमधल्या पाण्याची बाटली मागितली, जुन्या गंजीफ्रॉकचे तुकडे मागितले. तुकडा गार पाण्यात भिजवून पिळायचा, डागावर दाबून धरायचा, उचलायचा, घडी बदलायची, पुन्हा दाबायचा. कडेकडून मधे यायचं, म्हणजे डाग पसरत नाही. ओघळ आधी. घासायचं अजिबात नाही.

पद्मजाबाई घड्याळाकडे बघत होत्या. साडेदहा वाजले होते. जयाला घड्याळाकडे बघायची गरज नव्हती. तिची पाटी दारात होती आणि तिच्यातल्या बर्फाचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप चालायचा. बी विंगमधली चौदा घरं अजून बाकी होती. तिथली माणसं अकरापर्यंत वाट बघतात, मग अंडी आणतात. तरी ती उठली नाही. इथून डाग टाकून गेली असती तर साहेबांनी एका दृष्टीत ओळखलं असतं, माकुल आत साफ झालंय. आणि पद्माबाय तिचं माणूस होती. जयाचा नवरा दुखणाईत होता तेव्हा त्यांनी हॉस्पिटलात रोज डबा पाठवला होता, सलग अकरा दिवस, आणि कधी त्याचा उच्चार केला नव्हता.

पाऊण तासात काळं गेलं, करडं राहिलं. मग जयानं गार पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकले आणि पुन्हा तोच खेळ केला. करडं गेलं, सावली राहिली. सावलीसाठी खायच्या सोड्याची लापशी करून बोटानं लावली, पाच मिनिटं राहू दिली, आणि ओल्या फडक्यानं हलक्या हातानं उचलली. निळ्या माशाची शेपटी त्या लापशीबरोबर निघून आली. पद्मजाबाई हळहळल्या. राहू द्यावा तर त्याच्या रेघांत शाई मुरलेली, काळ्या-निळ्या माशापेक्षा मासा नसलेला बरा. तोही गेला.

दोघी मागे सरल्या आणि बघत राहिल्या. डाग नव्हता. डागाच्या जागी एक लखलखीत पांढरी परात होती, आणि तिच्या भोवतीची भिंत, जी तासाभरापूर्वी दोघींनाही पांढरी वाटत होती, ती आता फोडणीच्या धुरानं पिवळी पडलेली, तेलकट आणि कळकट दिसत होती. शाईचा डाग एक वेळ अंधारात लपला असता. हा स्वच्छतेचा डाग दारातूनच दिसत होता.

जयाला हसू आलं. पद्मजाबाईंना रडू येत होतं, पण जया हसतेय म्हटल्यावर त्याही हसल्या, तोंडाला पदर लावून, कॉलेजातल्या मुलींसारख्या. मग जयानं साडीचा काष्टा घट्ट केला आणि सांगितलं, की आता अख्खी भिंत धुवायची. दुसरा इलाज नाही.

या कामाला मात्र कोमट पाणी चालतं, कारण तेल गार पाण्याला दाद देत नाही. बादलीत साबण आणि मूठभर सोडा. पद्मजाबाई वरून सुरुवात करायला स्टुलावर चढल्या, तर जयानं त्यांना खाली उतरवलं. भिंत खालून वर धुवायची. वरून धुतली तर मळकं पाणी कोरड्या भिंतीवरून ओघळतं आणि त्याच्या रेघा बसतात, त्या पुन्हा घासत बसायच्या. खालून ओली करत गेलं की ओघळ ओल्यावर येतो, फडकं फिरवलं की गेला. होडी पाण्यात लोटायच्या आधी नवऱ्याबरोबर ती अशीच धुवायची. होडी असेपर्यंत.

स्विचच्या बोर्डाशी काळ्या बोटांची एक जत्रा भरली होती. तिथं पाणी नको म्हणून मेन बंद केला आणि नातीच्या कंपासमधल्या खोडरबरानं ती बोटं खोडली. पद्मजाबाईंना हे इतकं आवडलं, की त्या बोर्ड सोडून दाराच्या चौकटीपर्यंत खोडत गेल्या. जयानं त्यांना परत बोलावलं. फ्रिजच्या बाजूला हळदीचा एक जुना पंजा होता, पद्मजाबाईंचाच. त्यावर त्यांनी उत्साहानं सोड्याचं फडकं फिरवलं आणि पंजा पिवळ्याचा लालभडक झाला. त्या किंचाळायच्याच बाकी राहिल्या. जयानं शांतपणे लिंबू मागितलं. हळदीला सोडा लागला की ती कुंकू होते, लिंबू लागलं की पुन्हा हळद. लिंबानं पंजा पिवळा झाला, साबणानं फिका झाला, आणि जे उरलं ते जयानं उन्हावर सोपवलं. हळदीला ऊन सोसत नाही. खिडकीचा पडदा सारल्यावर सकाळचं ऊन बरोबर तिथं येत होतं. चार दिवस पडदा लावू नको, एवढंच तिनं सांगितलं.

या सगळ्यात दोघींच्या गप्पा चालल्या होत्या. स्वरदाच्या सासूचं काय म्हणणं आहे, जयाच्या मुलाला विमानतळावर सामानाच्या खात्यात काम लागलंय, तो आईला म्हणतो आता पाटी सोड. पाटी सोडून मी काय करू, भिंती धुऊ, असं जया म्हणाली आणि दोघी पुन्हा हसल्या. मधे एकदा वेळ काढून जयानं माकुलं साफ केली, सगळी अख्खी, आणि डब्यात घालून फ्रिजमधे ठेवली. साडेबारा वाजता भिंत झाली. अशी झाली, की खोलीतल्या बाकीच्या तीन भिंती गरीब दिसायला लागल्या, पण तिकडं लक्ष द्यायला दोघींकडे वेळ नव्हता. पद्मजाबाईंनी मेन चालू केला, उदबत्ती लावली, पंखा पाचावर केला. जया मागच्या बाल्कनीतल्या मोरीत फडकी पिळायला गेली.

कर्णिकसाहेब पावणेएकला आले. जयानं किल्लीचा आवाज ऐकला आणि ती मोरीतच थांबली. साहेब हातपाय धुवायला गेले, की निघू, असा तिचा विचार. दारातली पाटी त्यांना दिसलीच असणार, पण पाणी प्यायला थांबली म्हणता येत होतं. बावीस वर्षं थांबत होतीच.

साहेब हातपाय धुवायला गेले नाहीत. ते जेवणाच्या टेबलापाशी थांबले.

"इथला भाविकाचा मासा कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

भाविका म्हणजे नात. तो मासा पुसायचा नाही, असं त्यांनीच बजावून ठेवलं होतं, हे जयाला तेव्हा कळलं. पद्मजाबाई म्हणाल्या, दिवाळी झाली तरी भिंत तशीच होती, म्हटलं धुऊन काढू. साहेब म्हणाले, बरं. मग भिंत जवळून बघितली. मग फ्रिजची बाजू बघितली. तिथं, खाली, भिंत आणि फरशीच्या सांध्याला एक शिंतोडा राहिला होता, मोहरीएवढा. माणसानं आयुष्यभर विम्याचे दावे तपासले की त्याला मोहरीएवढं दिसतं. त्यांनी बोट लावून बघितलं, बोटाचा वास घेतला.

ते ओरडणारे नव्हते. ते रागावले की तीन-तीन दिवस बोलायचे नाहीत, आणि पद्मजाबाईंना ओरडणं परवडलं असतं पण ते नाही, हे जयाला त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. मासळी आत साफ केली, एवढंच साहेब म्हणाले. मी कमिटीत शब्द दिलाय आणि माझ्याच घरात.

"अहो, जयाच म्हणाली, आतच करून देते," पद्मजाबाईंचा आवाज मोरीपर्यंत स्वच्छ आला. "मी नको नको म्हणत होते. तिच्या हातून उडाली शाई."

जयाच्या हातात पिळलेलं फडकं होतं. तिनं ते पुन्हा पिळलं, पाणी नसताना. तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, पद्माबाय घाबरली, आता पुढचं वाक्य खरं बोलेल. पुढचं वाक्य आलं नाही.

साहेबांनी तिला हाक मारली. ती ओल्या हातांनी आत येऊन उभी राहिली. साहेब शांतपणे बोलले, कमिटीत बोलतात तसं, एकेक शब्द मोजून. "जया, मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता. तो तू माझ्याच घरात मोडलास. रविवारी सभा आहे. तिथं मला जे करायला हवं ते मी करणार."

जयानं पद्मजाबाईंकडे बघितलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. इतकी छान धुतलेली भिंत, बघण्यासारखीच होती. जयाला बोलता आलं असतं. तोंडाची ती काही गरीब नव्हती, बंदरावर लिलावात तिचा आवाज सर्वांत वर असायचा. पण एका घरात नवऱ्यासमोर बायकोला खोटी पाडायची, आणि तीही पद्माबायला, हे तिच्या जिभेवर येईना. आणि बोलली असती तर तिचं खरं धरलं असतं, याची खात्री कुठं होती? तिनं फडकं दांडीवर नीट वाळत घातलं, चपला घातल्या आणि पाटी उचलली.

जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर ती जरा थांबत होती. वर दार उघडेल आणि पद्माबाय हाक मारेल, असं तिला तळमजल्यापर्यंत वाटत होतं. दार उघडलं नाही. खाली पोचेतो पाटीतले बोंबील मऊ पडले होते, बी विंगच्या खिडक्यांतून फोडण्यांचे वास येत होते. वरची माकुलं मात्र रात्री सगळे चवीनं खाणार होते. एवढं वाईट तिला नवरा गेल्यानंतर कशाचं वाटलं नव्हतं, आणि हे कुणाला सांगावं तर सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. एका भिंतीवर डाग पडला होता आणि तो निघाला होता.

रविवारच्या सभेत ठराव झाला. पुढच्या बुधवारी वॉचमन राजारामनं तिला गेटवरच अडवलं, आणि ठराव त्यानंच केल्यासारखा खाली मान घालून उभा राहिला. मग आपलं प्लॅस्टिकचं स्टूल तिला बसायला आणून दिलं. ठराव खुद्द सेक्रेटरीनं मांडला, आणि माझ्याकडून माणूस ओळखण्यात चूक झाली असंही म्हणाला, ही माहिती त्यानं न विचारता पुरवली. जया गेटबाहेर, भिंतीच्या कडेला बसली. तीस घरांतली नऊ खाली आली. दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारे शरच्चंद्र गॅलरीतून खुणेनं पापलेट मागत होते, ते राजारामनं पोचवलं. शुक्रवारी सात घरं आली. कर्णिकांकडून कुणी आलं नाही.

रविवारी पद्मजाबाई आल्या. हातात पिशवी, डोळे सुजलेले. पाटीभोवती तीन बायका होत्या, त्यांच्या मागे त्या उभ्या राहिल्या. जयानं एकेकीला दिलं, आणि त्यांची पाळी आली तेव्हा वर बघितलं.

"बोला मॅडम. काय देऊ?"

बावीस वर्षांत जयानं त्यांना तुम्ही म्हटलं नव्हतं. बायकांपैकी एकीनं दुसरीकडे बघितलं. पद्मजाबाई खाली वाकल्या, सुरमई बघायच्या निमित्तानं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, की जया, त्या दिवशी चूक माझी होती, हट्टही माझा आणि शाईही माझ्याच हातून उडाली, मला झोप लागत नाही.

"मना कशाला सांगता?" जया म्हणाली. "मी व्हते तिथं."

पद्मजाबाई तशाच वाकलेल्या राहिल्या. मग सरळ झाल्या, पिशवीची घडी घातली आणि आत निघून गेल्या. जयानं सुरमईवर पाणी मारलं. गेली, असं तिच्या मनानं धरलं. मोठ्या घरच्या माणसाला खाजगीत माफी मागायला आवडतं, त्यात कुणाचं काही जात नाही. तिनं पुढच्या गिऱ्हाइकाला कालवणासाठी तुकडे करून दिले, त्याच्या मागच्याचं घेतलं.

अर्ध्या तासानं कर्णिकसाहेब खाली आले. घरच्या लेंग्यात, पायात बायकोच्या चपला. माणूस अकरा वर्षं सेक्रेटरी होता आणि इस्त्रीच्या शर्टाशिवाय त्याला गेटपाशी कुणी बघितलं नव्हतं. बायका बाजूला झाल्या. पद्मजाबाई त्यांच्या मागे, चार पावलांवर, राजारामच्या टेबलाला हात धरून उभ्या होत्या.

"पद्मजा म्हणते, तू नाही म्हणत होतीस," साहेब सगळ्यांच्या देखत बोलले. "दोनदा नाही म्हणालीस. शाई तिच्या हातून उडाली. आणि तू भिंत धुवायला थांबलीस म्हणून तुझी त्या दिवशीची बी विंगची सगळी मासळी राहिली. हे खरं आहे?"

"खरं हाय."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? मी समोरच तर होतो."

जयानं कोयती खाली ठेवली. अकरा दिवस जे मनात सलत होतं ते काय होतं, हे तिला आत्ता कळलं. तिला वाटत होतं तो पद्माबायचा राग आहे. तेवढाच नव्हता.

"तुम्ही ईचारलं कुठं, साहेब?" ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत."

त्या दिवशी आपण काय काय बोललो, हे साहेब डोक्यात पुन्हा वाचत असावेत, कारण त्यांचे ओठ किंचित हलत होते. मासा कुठे गेला, हे त्यांनी विचारलं होतं. ते बायकोला. जयाला विचारलेला एकही प्रश्न त्यांना सापडला नाही, हे त्यांच्या तोंडावर सगळ्यांना दिसलं. मागे पद्मजाबाई रडत होत्या, आवाज न करता, आणि या वेळी भिंतीकडे बघत नव्हत्या.

मग साहेब पाटीसमोर खाली बसले, उकिडवे, गुडघ्यांचा आवाज करत.

"सभा परत बोलावतो," ते म्हणाले. "माझं चुकलं हे तिथं सांगतो. ठराव बदलेल की नाही ते माझ्या हातात नाही. पण त्याआधी तुला विचारतो. तुला वर यायचंय का?"

पाटीभोवतीच्या बायका जयाकडे बघत होत्या. तिला हो म्हणायचं होतं. त्या तीस घरांवर तिचं घर चालत होतं, आणि चौथ्या मजल्यावरचं ते गार पाणी तिला अजून आठवत होतं. पण हे उत्तर ताबडतोब द्यावं असं तिला वाटेना. बावीस वर्षांत कुणी पहिल्यांदा विचारत होतं.

"बुधवारी सांगते, साहेब," ती म्हणाली, आणि पुढच्या बाईनं पुढं केलेली पिशवी तिनं हातात घेतली.